खुर्च्या गोळा व्हायच्या आधी

“पेंटर, निदान शर्यतीच्या दिवशी तरी स्वच्छ बूट घालून यायचं,” क्लबचे सेक्रेटरी म्हणाले. “पांढऱ्या बुटांवर हा काळा रंग कसला?”

“एका दुकानाची पाटी चालू आहे,” पेंटर म्हणाला आणि सायकल रांगेच्या शेवटी नेऊन उभा राहिला. आज त्याला यायला जरा उशीरच झाला होता.

धुकं इतकं दाट होतं, की त्यानंच रंगवलेल्या कापडी फलकावरची अक्षरं निम्मीच दिसत होती. सेक्रेटरींनी कर्णा तोंडाला लावला. यंदा मदतीला माणसं कमी आहेत, घाटात कोणी उभं नसेल, तेव्हा रस्त्यावरचे बाण बघायचे आणि बाण सांगेल तिकडेच जायचं. शंभरेक जणांनी माना डोलावल्या. कुणी दातांचे डॉक्टर, कुणी शिक्षक, कुणी बँकेतला. रविवारपुरते सगळेच शूरवीर.

पेंटर बावीस वर्षं या शर्यतीत उतरत होता आणि बावीस वर्षं शेवटच्या पाचांत येत होता. त्याची बायको शेवटच्या रेषेपाशी टॉवेल घेऊन उभी राहायची. “क्लबची माणसं खुर्च्या गोळा करायला लागली, की मी ओळखते, आता आमचे हे येतील,” असं ती शेजारणीला सांगायची आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हसायची. आदल्या दिवशी तो रस्त्यावर बाण काढत हिंडायचा, तेव्हाही रंगाचा डबा धरून बरोबर तीच. यंदा डबाही त्यालाच धरावा लागला. ती घाटापलीकडच्या इस्पितळात होती, तळमजल्यावर, रस्त्याकडेच्या खिडकीपाशी. ऑपरेशन उद्यावर आलं होतं. कागदावर सही घेताना डॉक्टरांनी त्याच्याकडे बघायचं टाळलं होतं.

परवा ती म्हणाली, “अहो, शर्यत याच खिडकीवरून जाते ना? मग एकदा तुम्हाला सगळ्यांच्या पुढे बघू दे. एकदाच. मग पुढचं पुढे.”

“बघशील,” तो म्हणाला. बोलून बसला खरा.

शिट्टी वाजली.

सपाट रस्ता संपून घाट लागला. एरवी पहिल्या वळणालाच तो एकटा पडायचा. आज त्यानं घोळक्याचं शेपूट सोडलं नाही. छातीचा भाता झाला, पोटऱ्यांत गोळे यायला लागले, तरी नाही. धुक्यात पुढच्या पाठी विरघळत चालल्या होत्या. आधी लाल गेली, मग पिवळी, मग कोणताच रंग उरला नाही. रंगात टर्पेंटाइन जास्त पडलं की असंच होतं, त्याला वाटलं.

रस्ता चढतोय की आपणच वर तरंगतोय, हे कळेनासं झालं. साखळीचा आवाज तेवढा खरा होता. लग्न नवीन असताना त्यानं तिला सायकलच्या दांड्यावर बसवून याच घाटानं नेलं होतं. अर्ध्या वाटेत दोघं उतरली आणि सायकल ढकलत, हसत हसत माथ्यावर पोचली. ते हसू आता पुढच्या वळणाआडून ऐकू येत होतं. वळण आलं, की हसू आणखी एक वळण पुढे. त्याला एकदम भीती वाटली. असल्या आठवणी आजच कशाला, असं म्हणून त्यानं पायडलवर सगळं अंग टाकलं.

फाटा आला तेव्हा घोळका शंभर पावलं पुढे होता. हळूहळू त्यांचे आवाज लांब गेले आणि मग ऐकूच येईनात. पेंटर थांबला नाही. हे रस्ते त्याच्या पायाखालचे होते.

माथा ओलांडल्यावर धुकं विरळ झालं. खाली इस्पितळाची पिवळी भिंत दिसली. फाटकात रखवालदार उभा होता.

“पहिले तुम्हीच?”

“दिसतंय तरी तसंच.”

“आणि बाकीचे?”

“येतील मागून.”

खिडकीत ती उशीला टेकून बसली होती. तिनं आधी तोंडावर हात घेतला, मग टाळ्याच वाजवायला लागली. “अगं बाई! आमचे हे! पहिले!” तिनं सगळा वॉर्ड खिडकीशी गोळा केला. पेंटरनं एक हात वर केला. बावीस वर्षांत तशी वेळच आली नव्हती, त्यामुळे हँडल डगमगलं आणि तो पडता पडता वाचला.

तिथून शेवटची रेषा दोन किलोमीटरवर, सगळा उतार. पेंटर तीस पावलं गेला, मागे वळला, सायकल खिडकीखाली भिंतीला टेकवली आणि पाय पसरून कट्ट्यावर बसला.

“अहो, थांबलात काय? जा ना!”

“चाक बसलंय,” तो म्हणाला आणि दगडासारख्या टणक चाकात हवा भरायला लागला.

वीस मिनिटांनी घोळका आला. दातांचे डॉक्टर सर्वांत पुढे, घामाघूम, संतापलेले. “तळ्याला वळसा घालायचाय हे आधी सांगायला काय झालं होतं? नऊ किलोमीटर जास्तीचे!”

“बाणच तिकडे होता, काय करणार!” मागचा ओरडला.

ती प्रत्येकासाठी टाळ्या वाजवत राहिली. शेवटचा सायकलवालाही गेला आणि रस्ता शांत झाला. पेंटरनं पंप खाली ठेवला. आता शेवटच्या पाचांतही नाही, अगदी शेवटून पहिला नंबर नक्की होता.

ती खिडकीच्या कठड्यावर वाकली. त्याच्या पसरलेल्या पायांकडे तिनं बराच वेळ पाहिलं. हसू तसंच होतं, डोळे मात्र भरून आले होते.

“अहो,” ती हळूच म्हणाली, “फाट्यावरचा जुना बाण काळ्या रंगानं बुजवताना निदान बूट तरी दुसरे घालायचे.”