समुद्राची ओळ

जामखेडजवळच्या त्या गावात प्यायचं पाणीसुद्धा टँकरनं येतं. म्हणून नव्या पाळकसाहेबांनी रविवारच्या प्रार्थनेतली 'समुद्रावर असणाऱ्यांना सांभाळ' ही ओळ गाळली.

उपासना सुटल्यावर म्हाताऱ्या रेबेकाबाई दारात थांबल्या. "सायेब, समुद्राची ओळ ऱ्हायली. माझा बेंजामिन तिकडं हाय."

साहेब ओशाळले. त्या गेल्यावर घंटा वाजवणारा याकोब म्हणाला, "जहाज बुडून नऊ वर्सं झाली, सायेब. पोराचं प्रेतबी घावलं न्हाई."

पुढच्या रविवारी साहेबांनी हळूच विचारलं, "मावशी, बेंजामिनचं नाव आता गेलेल्यांच्या यादीत वाचू का?"

"तो गेला, ठावं हाय मला. पर ह्या सगळ्यांची मानसं चर्चमागं मातीत हायत, कवाबी जाऊन बसता येतं. मी रविवारी त्या ओळीत जाऊन बसते."