केसरला परत आणलं तेव्हा

केसरला पुसून टाकायला शिवानीला जेमतेम तीन मिनिटं लागली.

दिवाळीच्या सुट्टीत ती उरणला मामाकडे गेली होती. तिथल्या गॅलरीत मांडी घालून तिने डोळे मिटले, दोन बोटं कपाळावर टेकवली आणि केसरचं नाव मनातल्या मनात उलटं म्हटलं. मामेभावाच्या मोबाइलवर जी अ‍ॅनिमे मालिका चालायची, तिच्यात असंच करत. तिथे एक सुंदर शहर होतं. शंभर वर्षांत तिथे भांडण म्हणून झालं नव्हतं. शास्त्रज्ञांनी माणसांच्या मेंदूला ताकदच तशी दिली होती. जो शांतता बिघडवेल, त्याला मनातून पुसून टाकायचं. मग तो समोर उभा राहिला तरी कुणाला दिसत नसे.

केसरचा गुन्हाही लहान नव्हता. सुट्टीआधी शिवानीने एका पुस्तकातलं चित्र काचेवर ठेवून गिरवलं होतं, आणि ते केसरने भर वर्गात सांगितलं होतं. खरं असलं म्हणून काय झालं, जिवलग मैत्रिणीने सांगावं?

पाच दिवसांनी शिवानी गावी परतली तोवर राग कधीच उतरला होता. अकरा वर्षांच्या पोरीचा राग, टिकून टिकून किती टिकणार. पिशवी ठेवल्या ठेवल्या ती म्हणाली, "आई, केसरकडं जाऊन येते."

आई तांदूळ निवडत होती. शिवानीच्या थोरल्या भावाची, शुभमदादाची हळद आठ दिवसांवर आली होती आणि घरात कामाचा ढीग पडला होता.

"कोण केसर?" आई म्हणाली आणि तिने एक खडा उचलून बाजूला टाकला.

शिवानीला आधी हसूच आलं. मग ती हितेशशेठच्या दुकानात गेली. केसर इकडे आली होती का, असं तिने विचारलं. शेठ पुडी बांधत राहिले. तिने पुन्हा विचारलं. "तुला काय पाहिजे ते बोल," शेठ म्हणाले, आणि सुतळी तोडली.

देवळासमोर मुली हळदीच्या नाचाची तालीम करत होत्या. सुट्टीआधी सात जणी होत्या. आता सहाच होत्या, आणि रांगेत कुठे रिकामी जागाही दिसत नव्हती.

"सातवी कुठंय?" शिवानीने विचारलं.

"पयल्यापासून सहाच हाव," प्रणाली म्हणाली आणि गाणं पुन्हा सुरू केलं.

आता मात्र शिवानीला कळून चुकलं. अख्ख्या गावाच्या डोक्यातून तिने एक माणूस काढून टाकलं होतं, आणि तेही एका चित्रापायी. देवळाच्या मागे जाऊन ती पोटभर रडली. गाव आपलं रोजच्यासारखंच शांत होतं. वेशीवर 'तंटामुक्त गाव'ची पाटी उन्हात चमकत होती. अकरा वर्षांत गावातून पोलिसांत एकही तक्रार गेली नाही, असं आजोबा, म्हणजे बाबाजी, पाहुण्यांना हमखास ऐकवत.

डोळे पुसताना तिला उपाय आठवला. मालिकेतल्या नायकाने पुसलेला माणूस परत आणला होता. समोर जायचं, हात धरायचा, डोळ्यांत बघून तीन वेळा मोठ्याने नाव घ्यायचं.

केसरच्या घराचं दार आतून बंद होतं. शिवानीने गावभर शोधलं. शेवटी केसर सापडली ती खाडीकडच्या जुन्या विहिरीवर. घरोघरी नळ आल्यापासून तिकडे कुणी फिरकत नसे. केसर एकटीच हंडा भरत होती. शिवानीला बघताच ती दोन पावलं मागे सरकली.

"जा तू," ती म्हणाली. "कुनी बघंल."

शिवानीने तिचा हात घट्ट धरला आणि तीन वेळा हाक मारली. पहिल्या दोन हाकांना केसरने मान खाली घातली. तिसरीला तिला रडू फुटलं.

"पाच दिस झाले, माझ्याशी कुनी बोललं न्हाय गं."

"मला ठाऊक आहे. मीच केलेलं ते. पण आता झालं. आता सगळ्यांना दिसशील."

केसरला काही कळलं नाही, पण तिने हात सोडला नाही. तेवढ्यात बांधावरून सायकलवर विपुल चालला होता. त्याने करकचून ब्रेक लावला, दोघींकडे बराच वेळ बघितलं आणि सायकल गावाकडे वळवली.

"बघितलंस?" शिवानी आनंदाने म्हणाली. "विपुलदादाला दिसलीस तू."

ती नाचतच घरी आली. एवढी ताकद आपल्यात आहे याचा तिला मनातून अभिमानही वाटत होता.

दिवेलागणीला चार माणसं ओटीवर आली. पुढे गावकीतले गणराजकाका, मागे विपुल. बाबा कंपनीत पाळीला गेले होते. आईने चहा केला, पण कुणी कपाला हात लावला नाही.

"बाबाजी," गणराजकाका म्हणाले, "धर्मा पोलिसांत गेला, म्हनून गावानं त्याला वाळीत टाकला. आज त्याच्या पोरीशी, केसरशी, तुमच्या घरातली पोरगी बोलली. विपुलनं डोळ्यांनी बघितलं. जो बोलंल तोबी वाळीत, ह्यो शब्द तुमचाच."

"व्हय. माझाच."

"आठ दिवसांवर हळद हाय. मांडवात कुनी येनार न्हाय."

शिवानी उंबऱ्यात उभी होती. बाबाजींची नजर तिच्यावर आली, थांबली आणि पुढे दाराच्या कडीवर गेली.

"आमच्या घरात पोरगी न्हाय," ते म्हणाले.

चौघांनी माना डोलावल्या. पण गावाची चाल अशी, की घरच्या बाईचाही शब्द घ्यावा लागतो. गणराजकाका आईकडे वळले.

"वहिनी, पोरं किती तुम्हाला?"

शिवानीने आईचा पदर धरला. आईने तो हलकेच तिच्या मुठीतून सोडवून घेतला.

"एकच," आई म्हणाली. "शुभम."