किल्ला बघायला

दोन हजार तीनची गोष्ट. कुरकुंभच्या कंपनीतली नोकरी सोडून निखतनं वर्षभर खपून एक प्रोग्रॅम बनवला होता. पडद्यावर ठोकळ्यांची भिंत रचायची, ती पाडायची आणि तोल म्हणजे काय ते शिकायचं. खुटबावच्या शाळेत आज तो पोरांपुढं मांडला होता. हेडमास्तर मागंच उभे होते. पटला तरच शाळेसाठी घेणार होते.

सातवीतल्या राजनंदिनीनं भिंत काही पाडली नाही. उलट तिला बुरूज जोडले, तटबंदी केली, दरवाजा ठेवला.

"अगं, दिवाळीचा किल्ला नाही करायचा! भिंत पाड," निखत काकुळतीनं म्हणाली.

"किल्लाच केलाय मॅडम. पन किल्ला केला म्हंजी समदी बघाया येत्यात की." तिनं पलीकडच्या कॉम्प्युटरवर बसलेल्या मैत्रिणीकडं बोट केलं. "तिला हितं आत येता यील का? मला बी तिचा बघायचाय."

"हा तर खेळ झाला, मॅडम," म्हणत हेडमास्तर निघून गेले.

निखतला वाईट वाटून घ्यायला सवड नव्हती. दौंडची दुकानं बंद व्हायच्या आत तिला दोन कॉम्प्युटर जोडायची वायर आणायची होती.