परकी पाखरं

पोपटांच्या पिंजऱ्यासमोर उभं राहून पुनाजीने घसा साफ केला. त्याची बायको सुंदरा जरा बाजूला सरकली आणि आपण या माणसाच्या कोणी लागत नाही अशा चेहऱ्याने मोराकडे पाहू लागली.

केळझरला लक्ष्मणरावांच्या ज्वारीची राखण पुनाजी करायचा. मचाणावर बसून नुसतं ओरडायचं, यात त्याचा जन्म गेला. औंदा अर्धी कणसं पाखरांनी नेली, तेव्हा लक्ष्मणराव म्हणाले, तुझ्या आवाजात आता दम नाही, पुढच्या हंगामाला दुसरा माणूस पाहतो. पुनाजीचं म्हणणं वेगळं होतं. गावची पाखरं त्याच्या ओळखीची झाली होती, आणि ओळखीच्या माणसाला कोण भितं? आवाज तपासायचा तर परकी पाखरं पाहिजेत. म्हणून दोघं एस्टीत उभ्याने वर्ध्याच्या या प्राण्यांच्या बागेत आले होते. पाय भरून आले होते.

पुनाजीने तोंडाशी हात धरला. "हाऽऽऽर्या!"

पोपटांनी माना वाकड्या करून पाहिलं. एकाने हरभरा सोलायला घेतला. शेजारच्या पिंजऱ्यावर 'बोलणे कमी, काम जास्त' ही पाटी आणीबाणी उठली तरी लटकतच होती. तिच्याखाली एक लाल तोंडाचं माकड पाय पसरून बसलं होतं. दोन्हीतलं काहीच करत नव्हतं. त्याने जांभई दिली.

पुनाजीने पुन्हा हाक दिली, बेंबीच्या देठापासून. शेवटी आवाज फाटला, खोकला आला, आणि तो ओट्यावर मटकन बसला.

"चाला आता," सुंदरा जवळ येऊन म्हणाली. "आपूनच सांगू मालकाले, पुढच्या हंगामाले जमनार नाई म्हनून."

तेवढ्यात पिंजरे झाडणारा ताराचंद खराटा घेऊन धावत आला. पुनाजी आधीच हात जोडून चूक झाली म्हणू लागला. पण ताराचंद वर कडुलिंबाकडे पाहत होता. तिथली रोजची वांदरं नव्हती. साळुंक्या नव्हत्या. भिंतीवरचे कावळे नव्हते. शेंगा खात बसलेली दोन कुटुंबंही फाटकापाशी पोचली होती.

"काय केलं हो काकाजी?" तो म्हणाला. "ज्यायले जाता येत होतं, थे सारे गेले ना."

सुंदराचा चेहरा एकदम उजळला. एस्टीतून उतरल्याबरोबर आधी लक्ष्मणरावांच्या दारात जायचं, घरी मागून, असं तिने तिथेच ठरवून टाकलं. आवाज शाबूत होता. पुढचा हंगाम हातचा गेला नव्हता.

पुनाजी उठला, पण फाटकाकडे वळला नाही. पिंजऱ्याच्या मागल्या अंगाला एक पोपटीण जाळीत नखं रुतवून, पंख उघडे टाकून लटकली होती. थरथरत होती.

त्याने जाळीला तोंड लावलं. इतक्या हळू तो कोण्या पाखराशी कधी बोलला नव्हता.

"बस वो माय," तो म्हणाला. "बस."