साळूबाईंची देणगी

प्रतिभा घरी पोहोचली तेव्हा संस्थेची पांढरी गाडी अंगणात उभी होती.

गंगापूर रोडवरच्या त्या संस्थेत ती हिशेब बघायची. संस्थेची शाळा होती, दवाखाना होता. परवा तिच्या सासूच्या, साळूबाईंच्या नावानं आयकर खात्याचं पाकीट आलं होतं. तुम्ही संस्थेला अकरा लाखांची देणगी दिलीत, एवढे पैसे आणले कुठून, असं त्यात विचारलं होतं. साळूबाईंनी जन्मभर मखमलाबादच्या मळ्यात झेंडू आणि शेवंती पिकवली. संस्थेशी त्यांचा संबंध आला तो एकदाच, डोळ्यांच्या शिबिरात. तिथं चष्मा मिळाला आणि आधार-पॅन कार्डांच्या झेरॉक्स ठेवून घेतल्या गेल्या. गल्लीतल्या बायकांना त्या शिबिराला प्रतिभानंच नेलं होतं.

"सर, ही देणगी नेमकी कुणाची आहे?" सकाळी तिनं संस्थेच्या सचिवांना एवढंच विचारलं.

"बघतो," ते म्हणाले होते. आणि दुपारी ते तिच्याआधी तिच्या घरी आले होते.

ओट्यावर खुर्ची टाकून सचिव गोरक्षसर चहा पीत होते. साळूबाई खाली गोणपाटावर शेवंती निवडत बसल्या होत्या. सरांच्या शेजारी पहिलीतली आरोही गणवेशातच क्रीमची बिस्किटं खात होती.

"मम्मी, मी सरांच्या गाडीतून आले! एसी होता!"

शाळा सुटायला अजून अवकाश होता.

"हिच्या शाळेत चक्कर टाकली," सर म्हणाले. "म्हटलं, पोरगी कशाला बसमधून उन्हात येईल. बाईंना सांगितलं, काका आहे मी तिचा. लगेच सोडलं."

"सर, आपण ऑफिसात बोललो असतो."

"घरची गोष्ट घरीच बरी. बसा ना, ताई."

स्वतःच्याच ओट्यावर ती कडेला बसली.

सर साळूबाईंकडे वळले. "तर मावशी, अवघड काही नाही. साहेबलोक बोलावतील, विचारतील. तुम्ही म्हणायचं, हो, दिले. फुलांचे साठवले होते. शेतीचा पैसा, त्याला कर नाही."

"मी दिलेच नाय तर कसं म्हनू?" साळूबाई हातातलं फूल न टाकता म्हणाल्या. "अकरा लाख एका जागी मी पाह्यले बी नाय."

"मग ते विचारतील, तुमचं नाव टाकलं कुणी?" सरांचा आवाज मऊ होता. "कॉम्प्युटरवर त्या नोंदी प्रतिभाताईंच्या पासवर्डनं झाल्यात."

"मी नाही केल्या, सर!"

"पासवर्ड तर तुमचाच आहे ना?"

"मी ऑडिटरांना भेटते."

"भेटा की. दुपारी आम्ही बरोबरच जेवलो. तुमची चौकशी करत होते."

"पैसे कुणाचे आहेत, सर?"

सरांनी कप खाली ठेवला. "मलाही सगळं सांगत नाहीत. ज्यांचे आहेत, त्यांना नाव नकोय. अशा माणसांबद्दल आपण विचारत बसू नये, ताई." खिशातून रुमाल काढून त्यांनी आरोहीच्या गालावरचा बिस्किटाचा चुरा हलकेच पुसला.

मळ्यातली मोटर चालू होती. साळूबाईंचे हात थांबले होते. त्या नातीच्या गालाकडे बघत होत्या.

"शिबिराला बाकीच्या बाया बी व्हत्या," त्या म्हणाल्या. "रंगूबाई, कुसाबाई. त्यांनी किती दिले?"

सर हसले. "तुमच्यापेक्षा कमी."

त्यांनी हाक मारताच ड्रायव्हर समाधान गाडीतून शाल आणि नारळ घेऊन आला. येताना तयारीनंच आले होते. सरांनी साळूबाईंना हाताला धरून उभं केलं, भर उन्हात त्यांच्या खांद्यांवर शाल पांघरली आणि नारळ हातात दिला. समाधाननं मोबाइल वर धरला.

"वार्षिक अहवालात देणगीदारांचं पान असतं, त्यात छापू," सर म्हणाले. "आरोहीला पुढं घ्या. ताई, तुम्हीही या ना. लांब का?"

प्रतिभा उठली. सासूच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली. सरांनी आरोहीच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले.

"हसा," समाधान म्हणाला. आरोही हसली.

निघताना सर प्रतिभाजवळ थांबले. "उद्या सुट्टी घ्या. दोन वर्षं वाढ नाही तुम्हाला, ते मी बघतो." मग वाकून त्यांनी आरोहीला विचारलं, "उद्या पण येऊ का न्यायला?"

तिनं जोरजोरात मान हलवली.

गाडी मळ्याच्या रस्त्यानं दिसेनाशी झाली. साळूबाई शालीतच उभ्या होत्या. कपाळावरचा घाम चष्म्यावर ओघळत होता, पण दोन्ही हातांत नारळ होता.

"काय म्हनायचं गं मी?" त्यांनी विचारलं. "एकदा सांग. तिथं इसरायला नको."

प्रतिभानं आधी आरोहीला आत पाठवलं. दार ओढून घेतलं. मग ती सासूसमोर येऊन उभी राहिली.

"हो, दिले."

"व्हय, दिले," साळूबाई जमिनीकडे बघत पुटपुटल्या.

"मान खाली घालून नका म्हणू, आई," प्रतिभा म्हणाली. "समोर बघून म्हणा."