घाबरले की घाबरलो?

खुणांच्या भाषेची दुभाषी व्हायचं, तर समोरच्याचं बोलणं ‘मी’ म्हणूनच सांगायचं, हा नियम. इथेच माझं डोकं चक्रावायचं. बाबांचं ‘आलो’ माझ्या तोंडून ‘आले’ व्हायचं आणि वर्ग खदखदा हसायचा. बाबांना दिसत नाही, ऐकू येत नाही. आम्ही हातात हात घेऊनच बोलतो. परीक्षेत माझ्यासमोर बाबांनाच बसवलं होतं. बाईंनी त्यांना विचारलं, “लेक पास होऊन परगावी नोकरीला गेली तर?” मी प्रश्न बाबांच्या हातात उतरवला. त्यांची बोटं हलली. “मी घाबरले,” मी म्हणाले. बाईंचं पेन थांबलं. “घाबरले की घाबरलो? नक्की कोण घाबरलंय?” मलाही कळेना. नियमाप्रमाणे हाही प्रश्न बाबांना सांगितला. त्यांनी माझ्या तळव्यावर दोन बोटं टेकवली. आपण दोघं. “घाबरलो,” मी म्हणाले. बाईंनी बरोबरची खूण केली. त्यांना वाटलं, एकटे बाबाच घाबरलेत.