सीसॉचा खप

भाकीतयंत्र आजवर एकदाही चुकलं नव्हतं, म्हणून ते चालवणाऱ्या बेंद्र्यांचा चेहरा पडला.

"हेमांगीबाई, तुमच्या सीसॉचा खप शून्य! दोघं बसल्याशिवाय त्याला जोडलेल्या पडद्यावरचा गेम सुरूच होत नाही, आणि आता घरोघरी एकेकच मूल."

"मग दुसऱ्या टोकाला बापाला बसवा," हेमांगी ठामपणे म्हणाली.

"वजन कसं जुळणार? पोर वरच लटकेल."

"अहो, शेंबड्या पोरालाही कळतं ते. बापानं मुलाकडे सरकायचं. पुरेसा जवळ आला की तोल साधतो. घाला यंत्रात."

यंत्रावर चाळीस लाख सीसॉंच्या खपाचा आकडा उमटला, आणि त्याखाली पहिल्या गिऱ्हाइकाचं नाव: बेंद्रे.

बेंद्र्यांनी निमूटपणे घरी फोन लावला. "अगं, आपल्या निहारचं वजन किती आहे?"